जेनोवातली पाटोडी

नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी महिनाभर इटलीत, जेनोवाला जायचं होतं. माझं काम लॅपटॉपवरचं, म्हणून मीही निघाले. सासऱ्यांना अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या घरात एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्यांचंही तिकीट काढलं. सासूबाई गेल्यावर ते नागपूरहून आमच्याकडे आले होते. ताटात काहीही वाढा, "ठीक आहे" म्हणून मुकाट जेवायचे.

जेनोवात मी त्यांना पिझ्झा, पास्ता, तिथला प्रसिद्ध पेस्तो, सगळं खाऊ घातलं. "ठीक आहे."

मग एका दुपारी बंदराजवळच्या गल्लीत लाकडाच्या भट्टीचा वास आला. आत एक बाई तांब्याच्या भल्यामोठ्या परातीतून पिवळे, कडेला खरपूस झालेले तुकडे कापून कागदावर देत होती. त्याला फारिनाता म्हणतात. सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि थबकले.

"सूनबाई, हे तर बेसन आहे!"

फोनवर भाषांतर करून बाईंना विचारलं. हरभऱ्याचंच पीठ निघालं. सासऱ्यांचा चेहरा बघून बाईंनी आणखी एक पदार्थ चाखायला दिला. तेच पीठ घोटून, थापून, पट्ट्या कापलेलं, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू.

"पाटोडी!" सासरे इतक्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "फोडणी तेवढी राहिली बिचाऱ्यांची."

वाटेत त्यांनी स्वतः पीठ, लसूण, मिरच्या घेतल्या. मोहरी-हळद माझ्या डब्यात होतीच. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. चहापलीकडे जन्मात काही केलेलं नव्हतं, पण म्हणाले, "तुझी सासू घोटायची, थापायचं काम माझंच असायचं."

पहिल्या खेपेला नुसत्या गुठळ्या झाल्या. मी हसू दाबत होते, तर तेच खो खो हसत सुटले. त्यांना असं हसताना मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दुकानात जाऊन आले. बाईंनी हातवारे करून दाखवलं होतं, पाणी गार हवं आणि थोडं थोडं घालायचं. त्या संध्याकाळी पाटोड्या सुरेख पडल्या. सकाळी बाईंना डबा नेऊन दिला. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी भट्टीपाशी उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याला हाक मारली आणि त्याच्याही तोंडात एक कोंबली. मग रोज सकाळी सासरे तिथे जायला लागले. कोणालाच कोणाची भाषा येत नव्हती. परतेपर्यंत ते फारिनाता शिकले.

आता कॅरीत शनिवारी मित्रमंडळी जमली की सासरे लोखंडी तवा ओव्हनमध्ये घालून फारिनाता करतात. मुलं "आजोबा, वन मोर!" करत भोवती नाचतात. पण त्यांचं समाधान नाही. ओव्हनला ती आच नाही म्हणे, मागच्या अंगणात भट्टीच बांधायची. "बाबा, एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची परमिशन लागेल," असं नवरा सांगून थकला. सासरे रोज नाश्त्याला विटांचे फोटो घेऊन बसतात.