दत्तारामची कंबर

गिरगावातल्या माझ्या शिंप्याच्या दुकानात मी एका नवरदेवाची छाती मोजत होतो. दत्तारामचा भाऊ वसंता दारात येऊन म्हणाला, "दादा गेलो." मी टेपचं टोक हातात धरून तसाच धावलो आणि बिचारा नवरदेव दोन पावलं माझ्यामागे ओढला गेला. मित्र गेल्याच्या क्षणीही माझ्या हातून फजितीच व्हायची... त्याला आता सहा आठवडे झाले.

दत्ताराम लालबागच्या गिरणीत विणकर. संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा त्याने चुकवला नाही. पोटात जळजळायचं, तर घोषणा देता देता खिशातला सोडा तोंडात टाकायचा. त्याची कंबर उतरत गेली आणि मी त्याच्या पँटी आवळत गेलो. गिऱ्हाईक बारीक झालं तर शिंपी कारण विचारत नाही, शिवण घालतो. वर मी त्याला चिडवायचो, "मोर्च्यांनी तुझी कंबर नवरीसारखी केली रे!" तो म्हणायचा, "शिंप्या, मुंबय मिळू दे, मगे बघ कसो फुगतंय!" माझ्या मापाच्या वहीत लिहिलं होतं, छत्तीस... चौतीस... साडेएकतीस. अक्षर सुरेख, अक्कल शून्य.

एका सभेत तो रक्त ओकला. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, "हा अल्सर नाही, नेहमीचा कर्करोगही नाही. जठराच्या भिंतीतल्या लसिकापेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचाच कर्करोग आहे, क्वचित दिसतो. जठरातच असेल तर कापून, वर क्ष-किरण देऊन माणूस वाचू शकतो. जठराबाहेरच्या लसिकागाठींत उतरला असेल तर कठीण. वजन कधीपासून उतरतंय?"

"झालो असात महिनो," दत्ताराम म्हणाला आणि बोलू नकोस म्हणून त्याने खाटेवरून माझ्यावर डोळे वटारले. वही माझ्या पिशवीत होती. शेवटी मी ती पुढे केली. तारखांवरून बोट फिरवत डॉक्टर म्हणाले, "नऊ महिने! तुम्हाला हे दिसत नव्हतं?"

"टेपला दिसत होतं, डॉक्टर..."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दत्तारामने नव्या पँटचं माप द्यायचा हट्ट धरला. एकोणतीस भरलं. "आत कापड भरपूर ठेव. मुंबय आमची झाली काय हीच घालून मिरवतलंय." मी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दाबून ठेवलं. पोट उघडल्यावर कळलं, गाठी मणक्यापर्यंत गेल्या होत्या. नऊ महिने आधी त्या तिथे असत्या का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते 'हो' म्हणाले असते तरी मला इतकी भीती वाटली नसती...

पँट अजून खुंटीवर आहे. आतलं कापड सोडलं तर वसंताला होईल, पण शिवण उसवायला हात उचलत नाही. काल एका जुन्या गिऱ्हाइकाची कंबर इंचभर कमी भरली. मी टेप तसाच धरून विचारलं, "जेवण जातं ना?" तो हसून म्हणाला, "मास्तर, धावपळ किती चाललीय मोर्च्यांची!"

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "पँट मागाहून. आधी डॉक्टरकडे चला, मी येतो बरोबर."