सुमनची गोफण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय — चोरी केली म्हणून? पण चोरीच होती ती.

मी साताऱ्याचा, शहरात वाढलेला. नोकरी सांगलीला, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. बायको सुमन जत तालुक्यातली, सातवी शिकलेली. पण प्रश्न विचारावेत ते तिनंच! भाजी निवडता निवडता विचारायची — चंद्र आपल्या मागं का येतो, तारे विझतात का. मला कौतुक वाटायचं. आणि चारचौघांत तिची थोडी लाजही वाटायची, तेही सांगूनच टाकतो.

नव्वदच्या दशकात दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडल्याच्या बातम्या आल्या आणि माझं एक जाहीर व्याख्यान ठरलं. सूर्य म्हातारा होऊन अवाढव्य फुगेल, तेव्हा ग्रहांचं काय? घरी तालीम करताना मी ऐटीत म्हणालो — तारा फुगतो, अंगावरचा वायू अवकाशात उधळतो आणि सगळे ग्रह गिळून टाकतो. सुमन भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"आवं, अंगावरचं उधळलं तर त्यो हलका झाला की. मग त्याची वढ कमी न्हाई का व्हणार? गोफणीची दोरी सैल सोडली की धोंडा लांबनं फिरतोय. लांबचं ग्रह वाचत्याल बगा."

लहानपणी ज्वारी राखताना तिनं गोफणीनं पाखरं हाकलली होती. मी हसलो. तुझी गोफण राहू दे रानात, म्हणालो. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तक उघडलं. जवळचे ग्रह जातात. पण तारा हलका झाला की लांबच्यांच्या कक्षा रुंदावतात, ते वाचतात. आपल्या पृथ्वीचं तेवढं नक्की नाही. घरी येऊन तिला सांगायला नको होतं? नाही सांगितलं.

व्याख्यानात मात्र गोफण सांगितली. लोक खूश झाले. एकानं विचारलं, सर, हे सुचलं कसं? सुमन तिसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. 'बायकोनं सांगितलं' — दोनच तर शब्द म्हणायचे होते! पण पुढच्या रांगेत सगळे प्राध्यापक होते. मी म्हणालो, "लहानपणी ज्वारी राखायचो ना मी." मी — ज्यानं जन्मात गोफण हातात धरली नाही.

तिनं मान खाली घातली. घरी आल्यावर साडी बदलून भाकरी थापायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तिनं मला आभाळातलं कधीच काही विचारलं नाही. भाजी कुठली आणू विचारते, गोळी घेतली का विचारते.

परवा एक जुना विद्यार्थी जेवायला आला. आता तोही शिकवतो. म्हणाला, सर, तुमची गोफण मी अजून वर्गात सांगतो. आज तुमच्या तोंडून ऐकू दे. मी सुमनकडे पाहिलं. आता तरी?

"सांगा की," ती म्हणाली. "लय ल्हान हुता न्हवं तुमी तवा?"

मी सांगितली. माझीच म्हणून. या वेळी पाखरंही घातली, रानातला राखणीचा माळाही घातला — तेही तिच्याकडूनच ऐकलेलं. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि ती आत गेली.