उलटा लावलेला लव्हाळा

बायकोचा लव्हाळा मी उलटा लावला. परवा गच्चीवरच्या टबातल्या चिखलाचा वास आला आणि ते सगळं आठवलं. पहिल्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला माहेरी जाताना ती म्हणाली होती, “माझा एवढा लव्हाळा जगवून दाखवा, मग बाळ तुमच्या हाती देईन.” सोलापूरचा उन्हाळा, आणि मी पाणीच घालायला विसरलो. तिनं माहेरच्या विहिरीवरून आणलेलं ते बेट वाळून गेलं. एकच हिरवा, किंचित तिकोनी दांडा उरला. त्याच्या टोकावरची पानांची छत्री मलूल होऊन अशी लोंबत होती की मला ती मुळंच वाटली. दांडा कापून मी तीच बाजू बादलीत बुडवली आणि रोज देवासारखं दर्शन घेत राहिलो. एका सकाळी त्या बुडालेल्या पानांच्या बेचक्यांतून पांढरी मुळं आणि हिरवे कोंब निघालेले! हा लव्हाळा असा डोक्याकडूनही रुजतो, हे मला फार उशिरा कळलं. आज त्याच्याच बेटानं टब भरलाय. तेव्हा मात्र ती परत आली, बादलीत वाकून बघितलं, पोट धरून हसली आणि बाळ माझ्या हातात देत म्हणाली, “घ्या की. फक्त ह्याचं डोकं वर ठेवा.”