चौघांच्या चालीची वाट

हफीजा मदिनेतली नर्सची नोकरी सोडून समुद्रकाठच्या त्या छोट्या शहरात आली, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मदिनेत मोठं हॉस्पिटल होतं, रत्नागिरीकडची माणसं होती. इथे मासळीबाजार, एक दुमजली पॉलिक्लिनिक आणि खारा वारा. नवरा शारीक सौदीच्या दुसऱ्या टोकाला, रास तनुराच्या रिफायनरीत. तो फोनवर म्हणाला, "लोक गावातून शहरात जातात, तू उलटी निघालीस." ती म्हणाली, "मला दमट हवा मानवते." खरं कारण तिने सांगितलं नाही आणि त्यानेही ओळखून विचारलं नाही.

कारण तांबडा समुद्र हेच होतं. तिचे अब्बा, मोहियुद्दीन मुकादम, एका मालवाहू जहाजावर खलाशी होते. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत ते जहाज याच समुद्रात बुडालं. चौदापैकी पाच जण वाचले. दाभोळच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं, ते शाळेच्या हेडमास्तरांनी वाचून दाखवलं आणि एका शब्दापाशी थांबून म्हणाले, "बेपत्ता असं लिहिलंय." हफीजा तेव्हा नऊ वर्षांची होती. जमातीची वडीलधारी माणसं अम्माला समजवायला आली. अम्माने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मयत बघितल्याशिवाय मी बेवा कशी?" ती विधवेने पाळायच्या इद्दतीत बसली नाही, हातातल्या बांगड्या उतरवल्या नाहीत, आणि नवऱ्याच्या नावाने घरात कधी मयताची फातिहा पढू दिली नाही. आता ती सत्तरीला आली होती, तरी तसंच चाललं होतं.

हफीजा रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की किनाऱ्याने चालत घरी यायची. इतर लोक समुद्राकडे बघत चालत. ती वाळूकडे बघत चालायची. आपण काय शोधतोय हे कुणी विचारलं असतं तर तिला लाज वाटली असती. सदतीस वर्षांनी वाळूत काय सापडणार? तरी नजर खालीच.

मग मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला बेटांचं काम निघालं. किनाऱ्यासमोरच्या डोंगराळ बेटांवरून एका पर्यटन कंपनीला एक लांब पल्ल्याची पायवाट आखायची होती. चार दिवसांची चाल, मध्ये होडीने एका बेटावरून दुसऱ्यावर. नकाशे बनवायला साताऱ्याचा हर्षवर्धन निंबाळकर आला होता. वय तिशीचं, सह्याद्रीत वाढलेला, पाय थकणं ठाऊक नसलेला. होडी आणि वाटाड्या म्हणून अबू सालिम नावाचा म्हातारा कोळी. पुढे बायकाही चालायला येणार, म्हणून आधी एका बाईने वाट चालून बघावी असं ठरलं, आणि ती नर्स असली तर दोन्ही कामं होतील म्हणून पॉलिक्लिनिकमध्ये विचारणा झाली. मॅनेजरचं वाक्य पुरं होण्याआधी हफीजाने हात वर केला.

पहिली दोन बेटं सरळ गेली. तिसरं मोठं होतं. काळाकभिन्न खडक, मधोमध पाचशे मीटरचा डोंगर, झाड म्हणून नाही. नकाशावर वस्तीची खूण नव्हती. हर्षवर्धन तिथे अबू सालिमबरोबर दोनदा जाऊन आला होता, दोन्ही वेळा पश्चिमेच्या बाजूने, जिथे पायाखाली सुटे दगड घसरत. या वेळी वारा फिरला होता. पश्चिमेला होडी लागेना. अबू सालिम बराच वेळ सुकाणूला हात लावून बसला आणि शेवटी त्याने होडी उत्तरेच्या पुळणीवर घातली.

पुळणीच्या माथ्यावर, दगडांच्या आडून, एक वाट वर जात होती.

हर्षवर्धन तिथेच थबकला. वाट दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद होती. दगड नीट बसवलेले, पाण्याने वाहून जाऊ नयेत म्हणून कडेला बांध घातलेला. तो चालू लागला तसा जास्तच खूश होत गेला.

"हफीजाताई, बघा तर. कुठे एकदम चढ नाही. जिथे चढ आहे तिथे वाट लांबून वळवून नेलीय. वळणं किती मोठी आहेत. फार विचार करून बांधलीय कुणीतरी."

"कुणी?"

"तेच कळत नाही. वर ना पाणी, ना गढी. कशाला बांधली असेल?"

ठराविक अंतरावर वाटेच्या कडेला एकेक सपाट दगड होता, कमरेएवढा उंच, माणसाच्या लांबीचा. हर्षवर्धनने त्यांची मापं घेतली आणि बसायची बाकं म्हणून नोंद केली. हफीजाला वाटलं, बसायला हा दगड फार उंच आहे.

दुसऱ्या वळणापासून तिचं पाऊल आपोआप आखूड पडू लागलं. दम लागला नव्हता. आपण कुणाच्या तरी चालीने चालतोय असं तिला वाटत होतं. एरवी पुढे असणारा अबू सालिम आज खूप मागे रेंगाळला होता, तरी खडीवर पावलं वाजल्याचा भास तिला जवळूनच होत होता. एकाची नव्हेत. एकदम उचलली जाणारी, एकदम टेकणारी. ती थांबली की नुसता वारा. वळण आलं की ती आतल्या अंगाला सरकून डोंगराला पाठ लावून उभी राही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा हर्षवर्धनने वळून विचारलं, "कुणाला वाट देताय?"

तिने मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "कुणाला नाही," ती म्हणाली आणि परत चालू लागली.

पुढच्या सपाट दगडाशी जेवायला थांबायचं ठरलं. हफीजाने औषधांची पिशवी आणि डबा दगडावर ठेवला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. इतक्यात अबू सालिम वर पोचला. त्याने डबा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिथे नको."

त्याने दोन्ही हातांनी डबा उचलून खाली ठेवला, पिशवी ठेवली, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने दगड पुसून काढला.

बावीस वर्षांत हफीजाची अरबी चांगली झाली होती. तिने विचारलं, "का? हा दगड कशासाठी आहे?"

"ठेवायला."

"काय?"

"माणूस," अबू सालिम म्हणाला.

मग तो उभ्या उभ्याच सांगू लागला. समुद्रात कुणी बुडालं की थंडीतला प्रवाह त्याला या उत्तरेच्या पुळणीवर आणून टाकतो. त्याच्या आजाच्या काळापासून असंच आहे. पूर्वी कोळी त्यांना वाळूतच पुरत, पण दोन भरत्या झाल्या की समुद्र वाळू उकरून त्यांना परत न्यायचा. म्हणून मग त्यांना डोंगरावर न्यायचं ठरलं. जो जो वर गेला त्याच्या वेळी खांदा देणाऱ्यांनी वाटेत थोडे दगड बसवले. असे करत साठ-सत्तर वर्षांत वाट झाली.

"काय म्हणतोय तो?" हर्षवर्धनने विचारलं.

हफीजा मराठीत सांगू लागली आणि मधेच अडखळली. "म्हणतो, चढ ठेवला नाही, कारण... चौघांच्या खांद्यावरचा जनाजा कलू नये म्हणून."

हर्षवर्धनने हातातली मापाची फीत हळूहळू गुंडाळून खिशात घातली.

"मी याला दोनदा दुसऱ्या बाजूने आणलं," अबू सालिम म्हणाला. "आज वाऱ्याने इथे आणलं. वाटलं, बघतील आणि जातील, मी काही सांगायचं नाही. सांगितलं की यंत्रं येतील, जागा सपाट करतील. पण मी मागून बघत होतो. बेटी, तू प्रत्येक वळणावर बाजूला होत होतीस. आमचे जुने लोक असेच व्हायचे. तुला कुणी शिकवलं?"

हफीजाने डबा तसाच पिशवीत टाकला.

कुणी जेवलं नाही. अर्ध्या तासात ते वर पोचले. डोंगराच्या खांद्यावर सपाट जागा होती, दोन्हीकडे समुद्र दिसत होता. तिथे कबरी होत्या, चोवीस. नाव कुणावरच नाही, फक्त उशाशी एकेक उभा दगड. हफीजा कडेलाच थांबली. बायकांनी आत जायचं नाही हे तिला गावापासून ठाऊक होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. हर्षवर्धनही बूट काढून तिच्याशेजारी थांबला. आत एकटा अबू सालिम गेला.

तिने फातिहा पढली. ओंजळ तोंडावरून फिरवली. मग जो प्रश्न तिने आयुष्यात कुणाला विचारला नव्हता तो अबू सालिमला विचारला.

"बाबा, कुवेतच्या लढाईच्या आधी दोन-तीन वर्षं, थंडीत एक जहाज बुडालं होतं. हिंदी खलाशांचं."

"त्या हिवाळ्यात तीन आली," अबू सालिम म्हणाला. "एकाच आठवड्यात. मी तेव्हा तिशीत होतो. तिघांनाही खांदा दिला मी." त्याने पूर्वेकडच्या, जवळजवळ असलेल्या तीन दगडांकडे हात केला.

"एकाच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती का? यंत्रात सापडून तुटलेली?"

म्हातारा खाली बसला. त्याने आपलेच हात उलटसुलट करून पाहिले, जणू त्यावर काही लिहिलेलं सापडणार होतं.

"बेटी, ते आठ-आठ दिवस पाण्यात होते. तू नर्स आहेस, तुला समजतं. मी हो म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण त्यांच्यासमोर बसून मी खोटं कसं बोलू?"

"नका बोलू," हफीजा म्हणाली.

"नाव काय तुझ्या वडिलांचं?"

"मोहियुद्दीन."

अबू सालिम उठला. पहिल्या दगडाशी जाऊन त्याने मोहियुद्दीनला सलाम केला. मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी, तेच नाव घेऊन. वारा त्याच्याकडून तिच्याकडे वाहत होता, त्यामुळे तिन्ही वेळा तिला नाव स्वच्छ ऐकू आलं. एवढ्या वर्षांत ते नाव कुणी हाक मारल्यासारखं उच्चारलं नव्हतं. ती तिथेच खडकावर बसली.

उतरून पुळणीवर आल्यावर हर्षवर्धन म्हणाला, "ही वाट दाखवली असती तर सगळे साहेब खूश झाले असते. तंबूंना इतकी चांगली जागा..." पुढचं त्याने गिळलं. "पश्चिमेच्या घसाऱ्यावर दोनशे मीटर बांधकाम करावं लागेल. करू."

अहवालात त्याने खरं ते लिहिलं. कंपनीच्या रियाधच्या ऑफिसातून प्रश्न आला, या कबरीच आहेत कशावरून, नोंद कुठे आहे? तेव्हा हफीजाने अबू सालिमला समजावलं. लपवण्यापेक्षा आपणच बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात जाऊन सांगावं, म्हणजे जागा सरकारी कागदावर कब्रस्तान म्हणून चढेल. तो दोन दिवस तयार झाला नाही. तिसऱ्या दिवशी आणखी चार म्हाताऱ्या कोळ्यांना घेऊन तो ऑफिसच्या दारात उभा राहिला. पाचही जणांनी जबान्या दिल्या. महिन्याभरात माणसं आली, मोजणी झाली, जुन्या वाटेच्या तोंडाशी दगडी बांध घातला गेला. कंपनीने फार ओढून धरलं नाही. नवी पायवाट पश्चिमेने गेली आणि फेब्रुवारीत खुली झाली.

हफीजाच्या डोक्यातून मात्र ती चाल गेली नाही. पॉलिक्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर येत नसतानाही ती भिंतीला लागून उभी राहायची. ज्युनिअर नर्सेस एकमेकींकडे बघायच्या. किनाऱ्याने घरी जाणं तिने बंद केलं. वाळूकडे बघवेना, आणि समुद्राकडेही.

अम्माला सांगायचं की नाही, यावर तिने दोन महिने घालवले. शारीक म्हणाला, "नक्की नाही तर कशाला तिला हलवतेस?" शेवटी एका जुम्याला, दुपारच्या जेवणानंतर, तिने फोन लावला आणि जसं घडलं तसं सांगितलं. तीन आहेत, त्यातले एक अब्बा असतील, नसतीलही. मला सांगता येत नाही.

मग अम्माने विचारलं, "सावली आहे तिथे?"

"नाही."

"वारा?"

"खूप आहे."

"वर कुणी नेलं?"

"कोळ्यांनी. चौघांनी खांदा देऊन. हळूहळू, थांबत थांबत. त्यातला एक अजून आहे."

"त्याचं नाव सांग. दुआत घेते." अम्माने नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "तिघांच्याही नावाने पढवून घेते. एकाचंच कसं पढायचं?" आणि अगदी साध्या आवाजात, "बरं झालं उचलून नेलं. तुझ्या अब्बांना चढ झेपत नव्हता. छाती भरायची. आपल्या घरची पाखाडी चढतानासुद्धा दोनदा बसायचे."

फोन ठेवल्यावर हफीजा खुर्चीत बसून राहिली. तिला आठवत होते ते अब्बा सुट्टीवर आले की तिला खांद्यावर घेऊन तीच पाखाडी एका दमात चढणारे होते. तिचे हात त्यांच्या केसांत, खाली जांभ्याच्या पायऱ्या भराभर मागे पडतायत. हे तिने इतक्या वर्षांत हजारदा पाहिलं होतं. कदाचित तो मामा असेल. कदाचित अम्माच विसरली असेल. तिने परत फोन लावायला घेतला, आणि मग लावला नाही.