अन्सेरे उस्तादाची सहा अक्षरं

बोआहेनच्या गुडघ्यांनी शिडीचा नाद सोडला त्याला दोन वर्षं झाली होती. खरं म्हणजे रंगवायच्या पाट्यांनी त्याचा नाद त्याच्या कितीतरी आधी सोडला होता. कुमासी शहरात, ताफो वस्तीच्या रस्त्यावर एके काळी न्हाव्याच्या फळीपासून लॉरीच्या पाठीपर्यंत जे म्हणून अक्षर दिसे ते अन्सेरे उस्तादाचं असे, नाहीतर त्याच्या हाताखाली घासून निघालेल्या कुणाचं तरी. मग फ्लेक्स आला. मोबाईलवाल्यांनी भिंतीच्या भिंती एका रंगात बुडवल्या. त्या रंगाखाली उस्तादाची अक्षरं गेली ती गेलीच.

बोआहेनला त्याच्या आईने चौदाव्या वर्षी उस्तादाच्या ओट्यावर नेऊन सोडलं होतं. पहिलं वर्ष कुंचले धुण्यात गेलं, दुसरं रेघा ओढण्यात. उस्ताद मुलखाचा घुम्या. पोराचं अक्षर चुकलं की तो तळाच्या रंगाचा डबा पायाने पुढे सरकवायचा. झाक आणि पुन्हा लिही, एवढाच त्याचा धडा. सहाव्या वर्षी, शिकणं संपल्याची खूण म्हणून, डोक्यावर पांढरी पावडर ओतून त्याने बोआहेनला मोकळं केलं, आणि तेव्हाही तो म्हणाला काय, तर तुझ्या 'एस'ला अजून पोट नाही. उस्तादाच्या 'एस'ला पोट होतं. फुफूची मोठी परात संपवून झाडाला टेकून बसलेल्या माणसासारखा तो 'एस' जरा मागे रेललेला असायचा. तो पोटाचा बाक बोआहेनच्या मनगटात उतरायला पुढे आणखी चार वर्षं लागली.

आता ते मनगट सत्तावन्न वर्षांचं होतं आणि टॅबच्या काचेवर रेघ ओढायला शिकत होतं. त्याची भाची सेरवा निळ्या पत्र्याच्या कंटेनरात दुकान चालवायची. तिचं मुख्य काम मेलेल्यांचं. कुणी गेलं की घरची माणसं फोटो घेऊन यायची आणि सेरवा शोकाच्या बैठकीचं पोस्टर बनवायची. तरणाताठा गेला असला तर वर 'केवढा हा धक्का' आणि सगळं लालेलाल. सत्तरी ओलांडलेला असला तर 'देवाघरचं बोलावणं' आणि काळं-पांढरं. अक्षरं मशीनमध्ये तयारच असायची. सरपंच मेला काय आणि सायकलवाला मेला काय, अक्षर तेच.

"घरात बसून भिंतीशी बोलण्यापरीस इथं बसून काचेशी बोल," असं म्हणून तिनेच मामाला आणून बसवलं होतं. पहिल्या दिवशी मामाचा पंजा काचेला लागला की आडव्यातिडव्या रेघा उमटायच्या. दुसऱ्या दिवशी तो घरून मनगट टेकायची काठी घेऊन आला. टोकाला चिंधी बांधलेली, पाट्या रंगवायच्या वेळची. ती टॅबच्या कडेवर आडवी टेकवून त्यावर हात ठेवून तो लिहायला लागला. शेजारची केंकीचे उकडलेले गोळे विकणारी बाई पोट धरून हसली. म्हणाली, आता तेवढी शिडी आण. पण रेघा उमटायच्या थांबल्या.

तीन आठवडे झाले तरी डोळ्यांना काच मानवली नव्हती. दुपारी टकुरं नुसतं ठणकायचं. ओल्या रंगाला एक ओढ असते, कुंचला तिच्या मागनं जातो. काचेवर पेन सटकत जायचं. संध्याकाळी घरी जाताना त्याला वाटायचं, दिवसभर आपण काही धरलंच नाही.

अशात शनिवारी अन्सेरे उस्ताद गेला. एक्याऐंशी वर्षांचा होता.

सोमवारी त्याच्या कुळाचा म्होरक्या अग्येकुम दुकानात आला. हातात फोटो, आणि शोक करणाऱ्यांच्या एकेचाळीस नावांची यादी. येत्या शनिवारी, जाऊन आठवडा झाल्याची बैठक होती. पोस्टर गुरुवारी बारा वाजता छापखान्याच्या गाडीत पडलं तर शुक्रवारी भिंतींवर चढणार होतं. सेरवा फोटो न्याहाळत होती, तेवढ्यात कोपऱ्यातून बोआहेन म्हणाला, नाव मी लिहितो.

अग्येकुमने त्याच्याकडे, मग काठीकडे बघितलं. कुळाला नवं काही नको होतं, एकेचाळीस नावं बसली म्हणजे झालं. बोआहेनला लांबलचक बोलायची सवय नव्हती, पण त्या दिवशी तो बोलला. ज्या माणसाने अख्ख्या ताफोची नावं लिहिली त्याचं स्वतःचं नाव मशीनच्या तयार अक्षरात भिंतीवर लागणार, ते आपल्याला बघवणार नाही. त्याच्या हाताचं एकही अक्षर आता या रस्त्यावर उरलेलं नाही. हे एवढं तरी त्याच्या वळणाचं जाऊ दे.

अग्येकुमने यादी टेबलावर ठेवली. "गुरुवारी बारा," म्हणाला, "एक मिनिट वर झालं तर मशीनचं."

सोमवार, मंगळवार, बुधवार बोआहेन त्या सहा अक्षरांना चिकटून होता. दोन बोटांनी काच ताणून अक्षर मोठं करायचं आणि पाटीसमोर बसल्यागत बसायचं. कड हलली, बाक बिघडला, की पांढरा रंग घ्यायचा आणि वरून फासायचा. मग पुन्हा राखाडी. सेरवाने पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं, दोन बोटं टेकवली की चूक मागे जाते. ते त्याला पटलंच नव्हतं. एकदा लिहिलेलं मागे कसं जाईल? लिहिलेलं झाकतात. चाळीस वर्षं झाकलं होतं. सेरवाच्या पुढ्यात त्या आठवड्यात आणखी तीन मयतं होती, तिला मामाकडे मान वळवायला सवड नव्हती. पांढऱ्या काचेवर पांढरा रंग दिसायचं कारणच नव्हतं. बुधवारी संध्याकाळी 'एस' जमला. पोटासकट जमला. बोआहेनने पाठ मोडून घेतली आणि न जेवताच झोपला.

गुरुवारी दहा वाजता अग्येकुम येऊन बाकड्यावर बसला. सेरवाने पोस्टर उघडलं. काळी जमीन, मधोमध पांढरं वस्त्र खांद्यावरून गुंडाळून उस्ताद बसलेला. मामाचं लिखाण तिने उचललं आणि फोटोवर आणून ठेवलं.

सगळं झाकलेलं बाहेर पडलं. तीन दिवसांचे पांढरे फासाटे काळ्या जमिनीवर चुना उडाल्यासारखे पसरले. एक तर बरोबर उस्तादाच्या डाव्या डोळ्यावर बसला.

अग्येकुम उठून जवळ आला. बराच वेळ बघत राहिला.

"म्हाताऱ्याला मोतीबिंदू व्हता," तो म्हणाला, "पन इतका न्हवता."

सेरवाला हसू आलं ते तिने गिळलं. मग ती मामाला हळू आवाजात सांगायला लागली. राखाडी आणि पांढरं एकाच थरावर बसलंय. पांढरं वेगळं काढलं तर अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या निघतात. तिने काढूनही दाखवलं. उंदराने खाल्लेला कागद असावा तशी कड निघाली. बोआहेनची कानशिलं तापली.

अग्येकुम म्हणाला, मशीनचं टाक पोरी, कुणाचं काही बिघडत नाही.

"नाना, बाराला आजून दीड तास हाय," सेरवा म्हणाली. "यादी मी लावते, डोस्क्यावरचं 'देवाघरचं बोलावणं' मी लावते. मामा नुसतं नाव लिवंल."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर मशीनचं. तुमी म्हनाल तसं."

तिने मामाच्या पुढ्यात कोरा थर उघडला, आणि या खेपेला त्याच्याखाली काळी जमीन ठेवली. म्हणाली, काही फासलं तर इथं दिसंल.

बोआहेनने काठी टेकवली. 'ए' झाला. 'एन' झाला. 'एस'ला वेळ गेला, पण आदल्या संध्याकाळचा बाक मनगटात अजून गरम होता. 'ई' झाला. 'आर'चा पाय घसरला आणि त्याचं बोट सवयीने रंगाच्या पेटीकडे गेलं. सेरवा यादीतलं तेविसावं नाव लावत होती. तिने बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. बोआहेनचं बोट पेटीशी थांबलं. मग त्याने दोन बोटं काचेवर टेकवली. घसरलेला पाय नाहीसा झाला, कसलाही डाग न ठेवता. तो चपापला. पुन्हा टेकवली. पुन्हा, जरा घाईने. 'आर' गेला, 'ई' गेला, 'एस'चं खालचं पोट गेलं.

"मामा, पुरं," सेरवा म्हणाली. "पुढं यायचं तीन बोटांनी."

तीन बोटांनी पोट आलं, 'ई' आला, 'आर'ही आला, घसरलेल्या पायासकट. एकदा मागे जाऊन त्याने तेवढा पाय नीट केला. तोवर रस्त्यावर छापखान्याच्या गाडीचा भोंगा वाजला. बाराला सात मिनिटं होती आणि शेवटचा 'ई' राहिला होता.

"एक 'ई' हाय की," सेरवा म्हणाली. "त्योच उचलून शेवटी ठेवू?"

बोआहेन तिच्याकडे बघत राहिला. उस्तादाने एका नावात दोन सारखे 'ई' जन्मात काढले नव्हते. दुसरा म्हणजे थकलेला, म्हणायचा, तो जरा बसकाच काढायचा. अक्षर उचलून ठेवायचं म्हणजे तेच, मशीनचं. त्याने पेन टेकवलं. उभी रेघ आली ती वाकडी आली. दहापासून एका जागी वाकलेली पाठ आता खालपासून वरपर्यंत दुखत होती. भोंगा पुन्हा वाजला. अग्येकुम उभा राहिला.

"ठेव," बोआहेन म्हणाला.

शनिवारी बैठकीला काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मांडवाच्या खांबावर पोस्टर होतं. त्याच्यापुढे माणसं थांबायची, वय वाचायची, यादीत आपलं नाव शोधायची. उस्तादाच्या कुठल्याशा पुतणीचं नाव राहिलं होतं, त्यावरून अग्येकुमला दोघींनी घेरलं होतं. एक जुना शिंपी नावासमोर जरा जास्त वेळ उभा राहिला. डोळे बारीक करून म्हणाला, अक्षर ओळखीचं दिसतंय. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

बोआहेन मागच्या खुर्चीवर बसून होता. तिथून त्याला 'एस' दिसत होता, रेललेला, पोटासकट. त्याच्या पुढचा 'ई'ही बरा होता. शेवटचा 'ई' मात्र पहिल्यासारखाच ताठ उभा होता, जराही न थकलेला. दुसऱ्या कुणाला ते कळणार नव्हतं. बोआहेनला तेवढंच दिसत होतं.

सोमवारी तो दुकानात गेला तेव्हा सेरवाच्या पुढ्यात नवा फोटो होता. चौतीस वर्षांचा माणूस, लाल पोस्टर. नाव लांब होतं, त्यात तीन 'ई' होते. सेरवाने टॅब मामापुढे सरकवला. बोआहेनने कोरा थर उघडला, जरा वेळ डोळे मिटून बसला, आणि तिसऱ्या 'ई'पासून सुरुवात केली.