सवलतीच्या तिकिटावर चौघी

आमच्याकडे प्रवासाचे फोटो फार नाहीत. आहेत ते किस्से! कुणी चहाला आलं की एक निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो आणि पातेल्यातला चहा उकळून अर्धा होतो.

आम्ही चौघी भेटलो कर्जतच्या गाण्याच्या क्लासात. खोपोलीच्या सुलभाताई, निवृत्त शिक्षिका. कळंबची मंदा, भातशेतीवाली. साजगावच्या एका कारखान्यात टेलिफोन सांभाळणारी रेखा, तिला जन्मापासून दिसत नाही. आणि मी, कर्जतची. माझ्या फोनवरून सगळ्यांची बुकिंगं होतात. गाणं आम्हाला बेताचंच आलं, फिरणं मात्र झकास जमलं!

*

पहिली ट्रिप म्हैसूरची. रेखाला अंधत्वाच्या दाखल्यावर भाड्यात मोठी सवलत मिळते आणि तिच्यासोबत जाणाऱ्या एस्कॉर्टलाही तेवढीच. पण एस्कॉर्ट एकच!

झालं. आम्ही तिघी भांडायला लागलो. सुलभाताई म्हणाल्या, "वयानं मी मोठी, जबाबदारी माझी." मी म्हटलं, "बुकिंग मी करणार, नाव माझं." मंदा म्हणाली, "तुमची दोघींची गुडघेदुखी. तिला हात कोन देनार? मीच जाते!"

शेवटी सुलभाताईंनी तोडगा काढला, "अगं रेखा, तिघींनाही एस्कॉर्ट दाखवता येतं का ते विचारूया ना!"

रेखा शांतपणे म्हणाली, "ताई, मी आंधळी आहे. पण तीन माणसं लागतील एवढी नाही!"

*

मंदा निवडून आली. म्हैसूरच्या गाडीत दुपारी मला जाग आली तेव्हा समोर टीसी उभा आणि मंदाचा चेहरा उतरलेला. शेजारची रेखाची जागा रिकामी.

टीसी म्हणाला, "ताई, हे सोबत्याचं तिकीट आहे. ज्यांच्या सोबत आहात त्या कुठायत? त्या नसतील तर हे तिकीट चालत नाही."

"हितंच व्हती ओ! माजा जरासा डोळा लागला..." मंदा रडकुंडीला आलेली.

तेवढ्यात काठी टकटक करत रेखा आली. दोन डबे ओलांडून, दुसऱ्या हातात गरम भजी! मंदाचा आवाज ऐकून तिला सगळं कळलं.

"साहेब, हिला काही बोलू नका," ती म्हणाली. "झोपेत हरवली होती बिचारी. मीच शोधत आले!"

टीसीनं एक भजं उचललं आणि पुढे गेला.

*

सुलभाताईंचं दुःख वेगळं. आयुष्यभर वाट पाहून त्या ज्येष्ठ नागरिक झाल्या आणि तोवर रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली. तिकीट माझ्या फोनवरून निघालं तरी प्रत्येक वेळी काउंटरवर जाऊन विचारणार म्हणजे विचारणारच!

"आजी, ती सवलत आता नाही," क्लार्क म्हणाला.

"म्हणजे मी ज्येष्ठ नाही?"

"आहात ना. पण पूर्ण भाड्यात!"

त्या प्रवासात त्यांना खालची बर्थ मिळाली. रिकामी असली तर वयस्कर माणसांना ती आपोआप देतात. वरच्या बर्थवाला एक धिप्पाड तरुण आला. "आजी, बदलता का? जिममध्ये माझी पाठ धरलीय."

सुलभाताईंनी चष्म्यातून त्याला नीट न्याहाळलं. बेचाळीस मुलांचा वर्ग गप्प करणारी ती नजर!

"बाळा, रेल्वेनं माझी सवलत काढून घेतली, पण खालची बर्थ तिला काढून घेता आली नाही. रेल्वेला जमलं नाही ते तुला जमणार आहे का?"

बाळ निमूट वर चढलं. थोड्या वेळानं सुलभाताईंनी खालून डिंकाचा एक लाडू वर पाठवला, पाठीसाठी!

*

आता पासाचा किस्सा. लोकलचा महिन्याचा पास स्वस्त पडतो, पण ज्याच्या नावाचा त्यानंच वापरायचा. सुलभाताई आणि त्यांची बहीण सुशीलामावशी जुळ्या. इतक्या सारख्या, की आमच्या गाण्याच्या बाई दोघींच्या साडीच्या रंगावरून नाव ठरवायच्या. दोघी खोपोलीहून क्लासला यायच्या, दोघींचे वेगळे पास.

एकदा दोघींचं भांडण झालं. म्हणून एक पुढच्या डब्यात बसली, एक मागच्या. दुपारची गाडी, सगळी मोकळी. टीसी पुढच्या डब्यात सुलभाताईंचा पास बघून पुढच्या स्टेशनावर उतरला, मागच्या डब्यात शिरला, तर समोर तीच आजी! हातात पास, त्यावर नाव मात्र दुसरंच.

"आजी, आत्ता तुम्ही सुलभा होतात!"

"मी सुशीला. जन्मापासून!"

"बहिणीचा पास घेऊन फिरताय ना?"

कर्जतला दोघींना शेजारीशेजारी उभं केलं. टीसी एकदा हिच्याकडे बघतो, एकदा तिच्याकडे. भांडण विसरून सुलभाताई बहिणीचा हात धरून म्हणाल्या, "साहेब, पास आम्ही दोन काढलेत. चेहरा तेवढा एकातच भागवलाय!"

*

मंदाची मुलगी कोल्हापूरला नर्सिंग शिकते. विद्यार्थ्यांना सुट्टीत सवलत मिळते, पण फक्त कॉलेजचं गाव ते घरचं गाव. आणि मंदाच्या भाचीचं लग्न नाशिकला ठरलेलं!

मंदानं काउंटरवर विचारलं, "मामाकडं जायाला सवलत नाय?"

"मामाकडे शिकायला जाणार आहे का?" क्लार्क हसून म्हणाला.

मंदा तडक निघाली. घरी आली आणि भावाला फोन लावला. "दादा, नाशकात हॉलला केवडी मारामारी हाय! हितं कळंबला आपलं अंगन हाय, मांडव घालू, तांदूळ घरचा. समदी माणसं हिकडंच बोलाव."

भाऊ कबूल झाला, नवरदेवाकडचेही झाले. लग्न असं झालं की नाशिकचे पाहुणे अजून तांदळाच्या भाकऱ्यांचं नाव काढतात. आणि मुलगी आली, सवलतीच्या तिकिटावर!

मी म्हटलं, "मंदा, एका तिकिटासाठी अख्खं लग्न हलवलंस?"

"मग! पोरीची सवलत घरापुरतीच हाय ना? लगीनच घराकडं आनलं!"

*

रेखा बुद्धिबळ खेळते. तिचा पट वेगळा, घराघरात भोकं आणि सोंगट्यांना खुंट्या, म्हणजे चाचपडताना काही हलत नाही. नागपूरच्या मोठ्या खुल्या स्पर्धेत तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. एका संध्याकाळी फोन आला, "एक जागा रिकामी झालीय, परवा सकाळी हजर राहा."

एवढ्या ऐनवेळी तत्काळ तिकीटच मिळणार. आणि तत्काळमध्ये कसलीच सवलत नाही! मी चाचरत म्हटलं, "रेखा, या वेळी सगळं भाडं पडेल गं."

"काढ," ती म्हणाली. "मलाही कळू दे, तुम्ही लोक कसे फिरता!"

गेलो दोघी. मला बुद्धिबळातलं काही कळत नाही. जिंकलं तर एक गुण, हरलं तर शून्य, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा, एवढंच रेखानं गाडीत शिकवलं होतं.

शेवटच्या फेरीत समोर एक पोरगेलासा इंजिनिअर आला. सगळीकडे चर्चा, की हा फार जबरदस्त खेळतो. डाव रंगला. बाकीची टेबलं उठली, लोक यांच्याभोवती जमले. रेखाची बोटं सोंगट्यांवरून सावकाश फिरत होती. मी पदराचं टोक पिळत उभी.

मध्येच तो मुलगा अदबीनं म्हणाला, "मॅडम, बरोबरी मान्य आहे का?"

माझ्या मनात आलं, घे गं बाई, घे!

रेखानं नकारार्थी मान हलवली. "खेळूया."

डाव पुढे चालू राहिला. शेवटी त्या मुलानं हार मानून आपला राजा आडवा केला आणि उठून तिचा हात हातात घेतला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट! मी रडतेय की हसतेय, मलाच कळेना.

तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? मी बरोबरी देत होतो तेव्हा तुमचा डाव अवघड होता. का नाही घेतलीत?"

रेखानं काठी उघडली.

"आज पूर्ण तिकीट काढून आलेय," ती म्हणाली. "अर्धा गुण घेऊन कशी जाऊ?"