जिवाची विचारपूस

भूकंपानंतरच्या त्या आठवड्यांत मला प्रार्थनाच करता येत नव्हती. डोळे मिटले की घर हलल्यासारखं वाटायचं, आणि बरेचदा ते खरंच हलत असायचं. तोक्योच्या निशी-कसाई भागातली आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं भारतात परतली होती. मला सातवा महिना. डॉक्टरांनी विमानप्रवासाला सक्त मनाई केलेली. नवरा ऑफिसला गेला की पाचव्या मजल्यावर मी आणि पोटातलं बाळ, एवढेच उरायचो.

मी मेथडिस्ट ख्रिस्ती घरातली. या पंथाचा पाया घालणाऱ्या एका इंग्लिश धर्मगुरूंच्या गोष्टी पप्पा रंगवून सांगायचे. समुद्रात वादळ उठलं तेव्हा हे दीक्षा घेतलेले पाळक मरणाच्या भीतीने गारठले, आणि त्याच जहाजावरची साधी जर्मन कुटुंबं शांतपणे स्तोत्रं गात राहिली. पुढे एका संध्याकाळी, मनाविरुद्ध एका सभेला गेले असताना, या धर्मगुरूंच्या अंतःकरणाला ऊब जाणवली. मला ऊब कसली, दातखिळी बसायची तेवढी बाकी होती. त्यांनी एक रीतही घालून दिली होती. लहानसा गट करायचा, आणि दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायचं, जिवाचं कसं आहे? घरी पप्पा विचारायचे आणि आम्ही भावंडं "बरं आहे" म्हणून जेवायला पळायचो.

आमच्या इमारतीत हे काम तळमजल्यावरच्या, सत्तरी उलटलेल्या ओगावा-सान करायच्या. मोठा धक्का बसला की लिफ्ट बंद, आणि त्या जिने चढून दारोदार. "दाइजोबु?" म्हणजे ठीक ना? मी हसून "दाइजोबु" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

एका सकाळी धक्क्यानंतर बराच वेळ बाळ हललंच नाही. कूस बदलली, गोड खाल्लं, काही नाही. नवऱ्याचा फोन लागेना. तेवढ्यात बेल वाजली. "दाइजोबु?" सवयीचं उत्तर ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. "नाही," मी म्हटलं, "बाळ हलत नाही," आणि उंबऱ्यातच बसले. त्यांनी मला धरून एकेक जिना खाली आणलं, टॅक्सी थांबवली, दवाखान्यापर्यंत हात सोडला नाही. वाटेत मी देवाला एवढंच म्हणाले, आता तूच बघ.

बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर घुमला तेव्हा मी हमसून हमसून रडले. "झोपलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. सगळं तोक्यो जागं, आणि आमची ही बया निवांत!

बाहेर बाकावर ओगावा-सान बसल्या होत्या, चेहरा ओढलेला. यांना कुणी विचारलं असेल का? मोडक्या जपानीत मी म्हटलं, "आणि तुम्ही? दाइजोबु?" त्या हो म्हणाल्या. मग हळूच नकारार्थी मान हलवली. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या धाकट्या बहिणीचा त्सुनामीच्या लाटेनंतर पत्ता नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि मराठीतच, मोठ्याने, प्रार्थना केली. कितीतरी दिवसांनी जमली. शब्द त्यांना कळले नसतील, पण मान त्यांनी लववली.

शरण जायचं म्हणजे आधी भीती संपली पाहिजे, असं मी समजत होते. भीतीसकट दार उघडलं, तेवढंच प्रभूला पुरलं.

त्यांची बहीण सापडली नाही. असं का, हे मी देवाला अजून विचारते. लेक झाली तेव्हा माझी आई येऊ शकली नाही. बाळाला न्हाऊ घालायला ओगावा-सानच वर यायच्या. पहिल्या दिवशी त्या ओल्या, उबदार जिवाला टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांनी छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ परत दिलं नाही. मीही मागितलं नाही.